अमेरिकेतला ऑनलाइन पोकर : तार, बँक आणि कायदा

पोकर हा अमेरिकेचा घरचा खेळ. मिसिसिपीवरच्या बोटींतून तो देशभर पसरला आणि व्हाइट हाउसपर्यंत पोचला. अध्यक्ष ट्रुमन त्याचे शौकीन होते. रिचर्ड निक्सन यांनी तर नौदलात असताना पोकरमध्ये जिंकलेला पैसा १९४६ च्या आपल्या पहिल्या निवडणुकीत वापरला. अशा देशात आज एखाद्याला घरी बसून, संगणकावर, पैसे लावून पोकर खेळायचा असेल तर त्याची खुर्ची कोणत्या राज्यात आहे यावर सारे अवलंबून असते. न्यू जर्सीत परवानगी आहे, हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्कमध्ये शिरले की नाही. ही विचित्र स्थिती कशी आली, हे पाहण्यासाठी इंटरनेटच्या आधीच्या काळात जावे लागते.

१९६१ साली ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी संघटित गुन्हेगारीविरुद्ध जी मोहीम उघडली, तिच्यातून ‘वायर ॲक्ट’ जन्माला आला. रोख होता टेलिफोनवर पैजा घेणाऱ्या बुकींवर. राज्याबाहेर तारेवरून पैजेची बोली वा माहिती पाठवणे, हा गुन्हा ठरला. पण कायद्याची वाक्यरचना अशी की, तो फक्त खेळांच्या सामन्यांवरील पैजांना लागू आहे की सर्वच जुगाराला, याचे दोन अर्थ निघत. चाळीस वर्षे हा प्रश्न कोणाला फारसा छळला नाही.

१ जानेवारी १९९८ रोजी ‘प्लॅनेट पोकर’ या संकेतस्थळावर खऱ्या पैशांचा पहिला ऑनलाइन डाव पडला. या धंद्याचे गणित साधे होते. मालक स्वतः खेळत नाही. प्रत्येक डावातून तो छोटासा वाटा घेतो. आपल्याकडच्या अड्ड्यांवर त्याला ‘नाल’ म्हणतात. टेबले जितकी भरलेली, तितकी नाल अधिक. २००१ मध्ये ‘पार्टीपोकर’ आणि ‘पोकरस्टार्स’ आली, २००४ मध्ये ‘फुल टिल्ट’. सर्व्हर आणि परवाने जिब्राल्टर, कोस्टा रिका किंवा कॅनडातल्या काहनावाके या मोहॉक जमातीच्या प्रदेशात; गिऱ्हाईक मात्र मुख्यतः अमेरिकेत.

२००३ मध्ये टेनेसीचा एक हिशेबनीस, क्रिस मनीमेकर, थोड्या डॉलरांच्या ऑनलाइन पात्रता-स्पर्धेतून लास व्हेगासच्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’मध्ये पोचला आणि २५ लाख डॉलर जिंकून आला. आडनावही त्याला साजेसेच. त्या वर्षी मुख्य स्पर्धेत ८३९ खेळाडू होते. २००६ मध्ये ८,७७३. या लाटेवर सर्वांत उंच चढली पार्टीपोकरची मूळ कंपनी ‘पार्टीगेमिंग’. अमेरिकन रूथ पॅरासोल यांच्यासह तिची उभारणी करणाऱ्यांत दिल्ली आयआयटीचे दोन पदवीधर होते : अनुराग दीक्षित आणि विक्रांत भार्गव. जून २००५ मध्ये लंडन शेअर बाजारात कंपनीची नोंदणी झाली, तेव्हा तिचे मूल्य साडेचार अब्ज पौंडांच्या वर होते.

घाव आला तो आडवाटेने. २००६ च्या सप्टेंबरअखेर, निवडणुकीसाठी काँग्रेस उठण्याच्या रात्री, बंदरांच्या सुरक्षेच्या विधेयकाला सिनेटमधील बहुमताचे नेते बिल फ्रिस्ट यांच्या पुढाकाराने एक शेपूट जोडले गेले : बेकायदा इंटरनेट जुगार अंमलबजावणी कायदा. अंतिम मसुदा पाहायलाच मिळाला नाही, अशी तक्रार सिनेटमधूनच झाली. १३ ऑक्टोबरला अध्यक्ष बुश यांची सही झाली.

या कायद्याची खरी मेख त्याच्या मौनात आहे. ‘बेकायदा जुगार’ म्हणजे काय, हे तो स्वतः ठरवत नाही; इतर केंद्रीय व राज्य कायद्यांकडे बोट दाखवतो. खेळाडूला तो गुन्हेगार म्हणत नाही. तो पकडतो पैशाची वाट : अशा जुगारासाठी पैसे स्वीकारणारा व्यवसाय गुन्हेगार, आणि बँकांनी असे व्यवहार अडवायचे. घोड्यांच्या शर्यतींच्या कायद्याला हात लावलेला नाही, फँटसी स्पोर्ट्सला सूट आहे. पोकरला नाही.

बातमी येताच पार्टीगेमिंगचा समभाग एका दिवसात निम्म्याहून अधिक कोसळला आणि कंपनीने अमेरिका सोडली. दीक्षितांनी २००८ मध्ये वायर ॲक्टखाली गुन्हा कबूल केला व ३० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. तुरुंगवास टळला. पोकरस्टार्स आणि फुल टिल्ट मात्र थांबले. पोकर हा कौशल्याचा खेळ असल्याने आपल्याला कायदा लागूच नाही, अशी त्यांची भूमिका होती. पार्टीने सोडलेले गिऱ्हाईक त्यांच्याकडे आले.

पण बँकांची दारे बंद असताना पैसा आत-बाहेर कसा करायचा? सरकारी आरोपपत्रानुसार, पोकरचे पैसे दागिने, गोल्फचे चेंडू अशा वस्तूंच्या खरेदीचे म्हणून दाखवले जात. सर्व प्रकारच्या जुगाराला बंदी असलेल्या यूटा राज्यातली एक छोटी बँकही या व्यवहारांत गोवली गेली. १५ एप्रिल २०११ च्या शुक्रवारी, न्यूयॉर्कचे सरकारी वकील प्रीत भरारा यांनी अकरा जणांवर आरोप ठेवले आणि संकेतस्थळांचे पत्ते जप्त केले. पोकरविश्वात हा दिवस ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणून ओळखला जातो. पोकरस्टार्सने अमेरिकन खेळाडूंचे पैसे लवकरच परत केले. फुल टिल्टचे पितळ मात्र उघडे पडले. खेळाडूंचे देणे सुमारे ३९ कोटी डॉलर, आणि बँकेत फक्त ६ कोटी. खेळाडूंची ठेव वेगळी न ठेवता मालकांनी वाटून घेतली होती.

येथे त्या मौनाची किंमत कळते. खेळाडू गुन्हेगार नव्हता, पण ठेवीदार म्हणूनही त्याला कोणाचे संरक्षण नव्हते. २०१२ च्या समझोत्यात पोकरस्टार्सने ७३ कोटींहून अधिक डॉलर भरण्याचे मान्य करून फुल टिल्ट ताब्यात घेतले. तरीही अमेरिकन खेळाडूंना पैसे मिळू लागले ते फेब्रुवारी २०१४ मध्ये. ‘ॲब्सोल्यूट पोकर’च्या खेळाडूंना २०१७ पर्यंत वाट पाहावी लागली.

त्याच २०११ च्या डिसेंबरात न्याय विभागाने एक मत प्रसिद्ध केले : वायर ॲक्ट केवळ क्रीडा-पैजांपुरता आहे. विचारणा इलिनॉय व न्यूयॉर्कच्या लॉटऱ्यांची होती, दार मात्र पोकरलाही उघडले. २०१३ मध्ये नेवाडा, डेलावेअर व न्यू जर्सीत परवानाधारक पोकर सुरू झाला. पेनसिल्व्हेनिया २०१९ मध्ये, मिशिगन २०२१ मध्ये आले. २०१९ च्या जानेवारीत न्याय विभागाने आपलेच मत फिरवले. न्यू हॅम्पशायरच्या लॉटरीने दावा लावला आणि २०२१ मध्ये अपील न्यायालयानेही लॉटरीच्या बाजूने निकाल दिला. दरम्यान कौशल्याचा मुद्दाही तपासला गेला होता. २०१२ मध्ये न्यायाधीश जॅक वाइनस्टाइन यांनी पोकरमध्ये नशिबापेक्षा कौशल्य वरचढ असल्याचे म्हटले. पण वर्षभरात वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. कौशल्य असो वा नसो, राज्याचा कायदा ज्याला जुगार म्हणतो तो जुगार.

राज्यागणिक कुंपण घातल्याने अडचण वेगळीच झाली. पोकरला माणसे लागतात. तीस लाख वस्तीच्या नेवाडात मध्यरात्री टेबल भरत नाही. म्हणून राज्यांनी करार करून खेळाडू एकत्र आणले. कॅलिफोर्निया, टेक्सास, न्यूयॉर्क ही मोठी राज्ये अजून बाहेर आहेत. कॅलिफोर्नियात आदिवासी जमातींचे कॅसिनो, पत्त्यांचे क्लब आणि घोड्यांच्या शर्यतींचे चालक यांचे वाट्यावर जमत नाही. तिथला खेळाडू मग पुन्हा परदेशी, विनापरवाना संकेतस्थळाकडे वळतो. ते बुडाले तर दाद मागायची कोणाकडे, हा २०११ चा प्रश्न त्याच्यापुरता तसाच उभा आहे.

भारताने ऑगस्ट २०२५ मध्ये दुसरा मार्ग धरला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, त्यावर बंदी. आणि बँकांनी त्याचे व्यवहार करायचे नाहीत. १९५७ च्या चमारबागवाला खटल्यापासून आपल्याकडे जपलेला कौशल्य-नशीब हा भेद संसदेने या क्षेत्रापुरता बाजूला ठेवला. खेळाडूला गुन्हेगार न मानता पैशाची वाट अडवण्याची युक्ती मात्र अमेरिकेसारखीच आहे. वाट अडवल्यावर पैसा कोणत्या चोरवाटांनी जातो आणि शेवटी नुकसान कोण सोसतो, हे पाहायला अमेरिकेची ही पंधरा-वीस वर्षे पुरेशी आहेत.