केएक्सेक
संगणकाच्या परिचालन प्रणालीचा मध्यवर्ती भाग म्हणजे गाभा किंवा कर्नल होय. स्मृतीचे वाटप करणे, प्रोसेसरचा वेळ निरनिराळ्या आज्ञावलींमध्ये विभागणे आणि डिस्क, जालक इ. उपकरणांवर नियंत्रण ठेवणे ही कामे गाभा करतो. गाभा बदलावयाचा झाल्यास सामान्यतः संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. यंत्र असे मूळ स्थितीस न नेता, चालू गाभ्यानेच दुसरा गाभा स्मृतीत आणून यंत्राची सूत्रे त्याच्याकडे सोपविण्याच्या लिनक्स प्रणालीतील तंत्रास ‘केएक्सेक’ असे म्हणतात. युनिक्स प्रणालीत ‘एक्सेक’ ह्या आवाहनाने एखादी चालू प्रक्रिया आपल्या जागी दुसरी आज्ञावली आणते. हीच कल्पना गाभ्याच्या पातळीवर राबविली असल्याने कर्नल ह्या शब्दाचे आद्याक्षर जोडून हे नाव तयार झाले आहे.

वेळेची बचत हा ह्या तंत्राचा उघड लाभ होय. तथापि त्याच्या इतिहासात मुख्यतः एकाच प्रश्नाची उत्तरे शोधली गेलेली दिसतात : मूळ स्थितीकडे परतण्याची पायरी वगळल्यास यंत्र विश्वासार्ह अवस्थेत आहे, याची हमी कोणी द्यावयाची ?

पूर्वपीठिका : संगणकास आज्ञावली स्मृतीत आणण्यासाठीही एक आज्ञावली लागते. हा पेच सोडविण्याच्या क्रियेस, स्वतःच्या बुटांचे बंद ओढून स्वतःला वर उचलण्याच्या कल्पनेवरून ‘बूटस्ट्रॅप’ हे नाव पडले व पुढे त्याचे ‘बूट’ हे संक्षिप्त रूप रूढ झाले. १९५२ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम ७०१ ह्या संगणकावर त्यासाठी एक खास कळ होती. ती दाबताच छिद्रित पत्रावरील किंवा फितीवरील पहिल्या आज्ञा स्मृतीत येत. १९७० नंतरच्या दशकातील अनेक लघुसंगणकांत ह्या आरंभीच्या आज्ञा दर्शनी फलकावरील खटक्यांनी हाताने भराव्या लागत. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम वैयक्तिक संगणकात हे काम केवल-वाचन स्मृतीत कायम साठविलेल्या ‘बायोस’ ह्या आज्ञासंचाकडे होते. तो प्रथम यंत्रातील घटकांची तपासणी करी, नंतर डिस्कवरील ५१२ बाइटांचा पहिला खंड वाचून त्याच्याकडे नियंत्रण देई. ह्या सर्व पद्धतींत एक गोष्ट समान होती. आरंभ नेहमी ज्ञात स्थितीपासून होई आणि आधी काय घडले होते, याचा नव्या आज्ञावलीशी संबंध राहत नसे.

आरंभीचे प्रयत्न : चालू प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत जाण्याचे एक साधे उदाहरण १९९०–२००० ह्या दशकात हान्स लेर्मेन यांच्या ‘लोडलिन’ ह्या आज्ञावलीने घालून दिले. डॉस प्रणाली चालू असताना तिच्या साहाय्याने लिनक्सचा गाभा सुरू करता येई. डॉस यंत्रावर फारसा ताबा ठेवत नसल्यामुळे हे हस्तांतर तुलनेने सोपे होते. लिनक्सकडून लिनक्सकडे जाणे मात्र अवघड होते. कारण चालू गाभ्याने स्मृतीची मांडणी, व्यत्ययांची व्यवस्था आणि उपकरणांची स्थिती हे सारे आपल्या सोयीनुसार बदललेले असते.

२००० च्या सुमारास ह्या दिशेने तीन प्रयत्न झाले. एरिक हेन्ड्रिक्स यांचे ‘टू कर्नल माँटी’, वर्नर आल्मेस्बर्गर यांचे ‘बूटइमेज’ आणि लॉस ॲलॅमॉस येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत काम करणारे रॉन मिनिक यांचे ‘लोबोस’ हे ते प्रयत्न होत. त्यांमागे मोठ्या संगणक-समूहांची गरज होती. शेकडो संगणक एकत्र जोडलेल्या समूहात प्रत्येक यंत्राच्या बायोसची देखभाल करणे त्रासाचे होते. म्हणून बायोसच्या जागी लिनक्सचाच छोटा गाभा कायम स्मृतीत ठेवावा, त्याच्याकडील चालक आज्ञावलींच्या मदतीने जालकावरून पूर्ण गाभा आणावा व त्यात प्रवेश करावा, असा विचार पुढे आला. मिनिक यांच्या लिनक्सबायोस प्रकल्पात ह्याच विचाराचा पाठपुरावा झाला होता.

केएक्सेकचा उदय : ह्या अनुभवाच्या आधारे एरिक बीडरमन यांनी केएक्सेकची रचना केली. तेही समूह-संगणन व लिनक्सबायोस यांच्याशी निगडित होते. अँड्रू मॉर्टन यांच्या प्रायोगिक शाखेत बराच काळ चाचणी झाल्यावर ऑगस्ट २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्सच्या २.६.१३ ह्या आवृत्तीत केएक्सेकचा समावेश झाला.

कार्यपद्धती : केएक्सेकचे काम दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात नवा गाभा, आरंभीची संचिका-व्यवस्था व गाभ्यास द्यावयाच्या सूचना चालू गाभ्याच्या मोकळ्या स्मृतीत आणून ठेवल्या जातात. ह्या वेळी यंत्राचे नेहमीचे काम चालूच असते. दुसऱ्या टप्प्यात उपकरणे शांत केली जातात, एक सोडून इतर सर्व प्रोसेसर थांबविले जातात आणि नियंत्रण एका छोट्या आज्ञाखंडाकडे जाते. नव्या गाभ्याचे विखुरलेले भाग त्यांच्या नियोजित जागी नेण्याचे काम हा खंड करतो. त्या जागी जुना गाभाही असू शकतो. म्हणून हा खंड दोहोंपासून अलग अशा सुरक्षित पानावर ठेवलेला असतो. ह्यानंतर जुन्या गाभ्याकडे परतण्याचा मार्ग उरत नाही. गाभा सुरू होण्यापूर्वी मध्ये एक लहान आज्ञावली चालते. दोन गाभ्यांमधील ह्या अवस्थेस ख्रिस्ती कल्पनेतील स्वर्ग व नरक यांमधल्या शुद्धिस्थानावरून ‘पर्गेटरी’ हे नाव दिलेले आहे. नव्या गाभ्याचे भाग दरम्यान बिघडलेले नाहीत, हे ती एसएचए-२५६ ह्या गणिती मुद्रेवरून पडताळते. बायोसकडून मिळावयाची स्मृतीच्या नकाशासारखी माहितीही नव्या गाभ्यास तयार स्वरूपात पुरविली जाते.

सर्वांत मोठी अडचण उपकरणांची असते. जालकपत्र किंवा डिस्क-नियंत्रक प्रोसेसरला मध्ये न घेता स्मृतीत थेट लेखन करू शकतात. जुन्या गाभ्याने त्यांना न थांबविल्यास ती उपकरणे पूर्वीच्या पत्त्यावर लिहीत राहतात. त्या पत्त्यावर आता नवा गाभा असल्यास तो नकळत भ्रष्ट होतो. म्हणून प्रत्येक चालक आज्ञावलीने आपले उपकरण व्यवस्थित बंद करणे आवश्यक ठरते. नेहमीच्या पुनरारंभात चालक आज्ञावलींतील अशा उणिवा झाकल्या जात. केएक्सेकमुळे त्या उघड झाल्या.

केडम्प : गाभा कोसळल्यास त्याचे कारण शोधण्यासाठी त्या क्षणीची स्मृती जतन करावी लागते. पूर्वीच्या पद्धतींत कोसळलेला गाभाच आपल्या चालक आज्ञावलींनी ती डिस्कवर किंवा जालकावरून दुसऱ्या यंत्राकडे पाठवी. ज्याचा तोल गेला आहे, त्याच्याच हाती नोंद ठेवण्याचे काम देण्यासारखे हे होते आणि त्यात डिस्कवरील उपयुक्त माहिती नष्ट होण्याचाही धोका होता. केएक्सेकच्या आधारे ह्यावर उपाय निघाला. आयबीएम कंपनीच्या भारतातील प्रयोगशाळेत काम करणारे विवेक गोयल व हरिप्रसाद नेल्लीतीर्थ यांचा त्यात महत्त्वाचा वाटा होता. बीडरमन यांच्यासह लिहिलेला त्यांचा ह्या विषयावरील निबंध २००५ मध्ये ओटावा येथील लिनक्स परिसंवादात सादर झाला.

ह्या ‘केडम्प’ पद्धतीत यंत्र सुरू होतानाच स्मृतीचा एक भाग राखून ठेवला जातो व त्यात दुसरा गाभा आधीच भरलेला असतो. मुख्य गाभा कोसळताच नियंत्रण ह्या गाभ्याकडे जाते. तो केवळ राखीव भागातच काम करतो; त्यामुळे उपकरणांचे जुन्या पत्त्यांवरील लेखन त्याला बाधत नाही आणि कोसळलेल्या गाभ्याची स्मृतीही जवळजवळ जशीच्या तशी हाती येते. नेहमीच्या केएक्सेकमध्ये जुन्या गाभ्यावर विश्वास ठेवावा लागतो. केडम्पमध्ये तो शक्य तितका टाळला जातो. २००७ मध्ये निघालेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या पाचव्या आवृत्तीत जुन्या पद्धतींऐवजी केडम्पचा स्वीकार झाला.

सुरक्षिततेचा प्रश्न : २०१२ नंतरच्या अनेक संगणकांत ‘सिक्युअर बूट’ ही व्यवस्था आली. तीत यंत्राचे फर्मवेअर केवळ अधिकृत अंकीय स्वाक्षरी असलेली आज्ञावलीच सुरू होऊ देते. केएक्सेकमुळे ह्या तटबंदीस खिंडार पडते, हे मॅथ्यू गॅरेट यांनी निदर्शनास आणले. प्रशासकाचे अधिकार हाती आलेली व्यक्ती स्वाक्षरीयुक्त गाभ्यातून कोणत्याही स्वाक्षरीहीन गाभ्यात जाऊ शके आणि आरंभी केलेली तपासणी निरर्थक ठरे. ह्यावर ३.१७ ह्या २०१४ मधील आवृत्तीत विवेक गोयल यांनी तयार केलेले नवे आवाहन समाविष्ट झाले. त्यानुसार नव्या गाभ्याची संचिका चालू गाभा स्वतः वाचतो व तिची स्वाक्षरी तपासू शकतो. २०१९ मधील ५.४ ह्या आवृत्तीतील ‘लॉकडाउन’ व्यवस्थेमुळे स्वाक्षरीहीन गाभ्यांना मज्जाव करण्याची सोय झाली. यंत्र सुरू होताना फर्मवेअर जी खात्री करून घेते, ती पुढील हस्तांतरात करून घेण्याची जबाबदारी अशा रीतीने गाभ्यावर आली.

विस्तार : मोठ्या सेवासंगणकांत स्मृती व उपकरणे यांच्या तपासणीस कित्येक मिनिटे लागतात, केएक्सेकने हा काळ वाचतो. सोलारिस ११ ह्या २०११ मधील प्रणालीत एक्स८६ यंत्रांवर अशाच प्रकारचा ‘जलद पुनरारंभ’ ही नेहमीची रीत ठरविण्यात आली. २०१८ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली जाहीर झालेल्या ‘लिनक्सबूट’ प्रकल्पात फर्मवेअरचा बराचसा भाग काढून त्या जागी लिनक्सचा गाभा बसविला जातो व तोच केएक्सेकने अंतिम गाभ्यात प्रवेश करतो. संगणक-समूहांसाठी पूर्वी मांडलेल्या कल्पनेचेच हे व्यापक रूप होय.

२०१५ मधील ४.० ह्या आवृत्तीपासून गाभा चालू ठेवूनच त्यातील लहान दोष दुरुस्त करण्याची सोय लिनक्समध्ये आहे. परंतु संपूर्ण गाभा बदलण्यास ती पुरेशी नाही. २०२५ मध्ये ६.१६ ह्या आवृत्तीत ‘केएक्सेक हँडओव्हर’ ही यंत्रणा आली. तिच्यामुळे जुन्या गाभ्याने निवडलेली स्मृतीपाने नव्या गाभ्याकडे अबाधित सोपविता येतात. एकाच यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालविणाऱ्या माहिती-केंद्रांत गाभा बदलताना त्या यंत्रांची स्मृती टिकविणे, हा तिचा प्रमुख हेतू आहे.

अशा रीतीने ह्या तंत्राची दिशा पालटली आहे. सुरुवातीस जुन्या गाभ्याच्या खुणा नव्या गाभ्यापर्यंत पोहोचू न देणे हे मुख्य कौशल्य होते. आता त्यांपैकी निवडक गोष्टी सुरक्षितपणे पोहोचविणे हेही त्याचे उद्दिष्ट झाले आहे. कोणता वारसा स्वीकारावा आणि कोणता नाकारावा, हे ठरविण्याचे काम मात्र यंत्राच्या रीसेट कळीकडून आज्ञावली लिहिणाऱ्यांकडे आले आहे आणि त्यात झालेल्या चुकीचा परिणाम त्या यंत्रावर विसंबून असलेल्या सर्वांना भोगावा लागतो.