सामायिक संगणक आणि विद्यार्थ्यांचे मर्यादित खाते

हैदराबादेतील चिक्कडपल्लीचे नगर मध्यवर्ती ग्रंथालय स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांनी गजबजलेले असते. तेलंगणाच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेले हे विद्यार्थी लगतच्या अशोकनगर परिसरातील वसतिगृहांत राहतात. सरकारी नोकरीच्या वाटेवरचा त्यांचा पहिला टप्पा संगणकावर पार पडतो. लोकसेवा आयोगाकडील एकवेळची नोंदणी, छायाचित्र व स्वाक्षरी चढविणे, शुल्क भरणे, प्रवेशपत्र उतरवून घेणे ही सारी कामे ऑनलाइन होतात. ज्याच्याकडे स्वतःचा संगणक नाही, त्याला ती इंटरनेट केंद्रातील किंवा संस्थेतील सामायिक यंत्रावर करावी लागतात. त्या यंत्रावर आधी कोण बसले होते आणि नंतर कोण बसणार, हे त्याला ठाऊक नसते. त्याचे आधारपत्र व गुणपत्रिका यंत्रातच राहून गेल्या, तर त्या पुढच्या माणसाच्या हाती पडतात. ‘मर्यादित खाते’ या व्यवस्थेचे महत्त्व येथे कळते.

संगणकावरील खाती मुख्यतः दोन प्रकारची असतात. प्रशासक खात्याला नवी प्रणाली बसविण्याचा, सुरक्षेची मांडणी बदलण्याचा आणि इतरांच्या फायली उघडण्याचा अधिकार असतो. साध्या खात्याला केवळ आपले काम करण्यापुरती मुभा असते. ज्याला जेवढे काम, त्याला तेवढाच अधिकार, या ‘किमान अधिकारा’च्या तत्त्वाची नेमकी मांडणी जेरोम सॉल्त्झर आणि मायकेल श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ मधील निबंधात केली.

या प्रश्नाचा उगमही विद्यार्थ्यांच्या सामायिक संगणकातच आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली ‘सीटीएसएस’ ही प्रणाली १९६१ मध्ये प्रथम दाखविण्यात आली. एकच यंत्र अनेकांनी वापरायचे असल्याने प्रत्येकाला वेगळे खाते, परवलीचा शब्द आणि वेळेची मर्यादा देण्यात आली. ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला मिळणारे चार तास अपुरे पडत. १९६२ मध्ये त्याने परवलीच्या शब्दांची फाईलच छापून मिळावी अशी मागणी यंत्राकडे नोंदविली आणि यंत्राने ती निमूटपणे छापून दिली. विद्यार्थ्याची गरज खरी होती. उणीव होती ती फाईलच्या राखणीत. पुढे १९६६ मध्ये एका चुकीमुळे हीच यादी लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या समोर छापली गेली.

चिक्कडपल्लीतील परीक्षार्थींना याच विषयाची झळ २०२३ मध्ये बसली. आयोगाच्या गोपनीय विभागातील संगणकात दुसऱ्याचे वापरकर्तानाव व परवलीचा शब्द वापरून प्रवेश मिळविण्यात आला आणि प्रश्नपत्रिका बाहेर नेण्यात आल्या, असा तपास यंत्रणेचा आरोप होता. १७ मार्च रोजी आयोगाने अनेक परीक्षा रद्द केल्या. ५०३ पदांसाठी १६ ऑक्टोबर २०२२ रोजी झालेली ‘ग्रुप-१’ पूर्वपरीक्षाही त्यांत होती. अडीच लाखांहून अधिक उमेदवारांनी ती दिली होती. खात्यांच्या राखणीवर किती आयुष्ये अवलंबून असतात, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

प्रत्यक्ष मांडणी फारशी कठीण नाही. विंडोजमध्ये विद्यार्थ्यांसाठी ‘स्टँडर्ड’ खाते उघडावे आणि प्रशासक खात्याचा परवलीचा शब्द जबाबदार व्यक्तीकडेच ठेवावा. मात्र साध्या खात्यातही पेनड्राइव्हवरून थेट चालणारे प्रोग्राम उघडता येतात. त्यामुळे मान्य यादीतीलच प्रोग्राम चालू देणारी ‘ॲपलॉकर’सारखी सोय उपयोगी पडते. विंडोजच्या ‘शेअर्ड पीसी’ मांडणीत लॉगआउट होताच तात्पुरते खाते पुसले जाते. लिनक्समध्ये विद्यार्थ्याचे खाते ‘सुडो’ गटाबाहेर ठेवावे आणि प्रत्येकाचे फोल्डर इतरांसाठी बंद करावे. संगणक पुन्हा सुरू होताच मूळ स्थितीत आणणारी ‘डीप फ्रीझ’सारखी आज्ञावलीही प्रयोगशाळांत वापरली जाते. तरीही कळफलकाच्या तारेत लपविलेले नोंद-यंत्र कोणत्याही खात्याने थांबत नाही. यंत्रावर माणसाची नजर लागतेच.

कायद्यानेही काही बंधने घातली आहेत. २०११ च्या सायबर कॅफेविषयक नियमांनुसार ग्राहकाची ओळख पडताळणे, वापराची नोंद किमान एक वर्ष जपणे आणि कप्प्यांच्या भिंती साडेचार फुटांपेक्षा उंच न ठेवणे बंधनकारक आहे. दुसऱ्याचा परवलीचा शब्द कपटाने वापरल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मर्यादा घालताना तारतम्य मात्र हवे. छायाचित्राचा आकार कमी करण्याचे साधन, पीडीएफ वाचण्याची सोय, मराठी किंवा तेलुगू कळफलक आणि छपाईची परवानगी आधीच दिलेली नसेल, तर अर्जाच्या अखेरच्या दिवशी विद्यार्थी अडतो. मग कंटाळलेला कर्मचारी प्रशासक खात्याचा परवलीचा शब्दच फळ्यावर लिहून मोकळा होतो आणि सारी व्यवस्था कागदावर उरते. म्हणून खाते आखण्यापूर्वी विद्यार्थ्यांच्या नित्याच्या कामांची यादी करणे हीच पहिली पायरी होय.

गोव्यातील शाळांच्या संगणक कक्षांना आणि वाचनालयांनाही हेच लागू पडते. उठताना लॉगआउट करणे, ब्राउझरमध्ये परवलीचा शब्द न साठविणे आणि ‘डाउनलोड’ फोल्डर रिकामे करणे ही विद्यार्थ्याची जबाबदारी. तो विसरला तरी त्याचे कागद दुसऱ्याच्या हाती पडू नयेत, ही संस्थेची. मर्यादित खाते विद्यार्थ्यावरील अविश्वासातून येत नाही. त्याच यंत्रावर नंतर बसणाऱ्या अनोळखी माणसापासून ते त्याचे रक्षण करते.