काचेच्या बरणीतील साग

साग बियांपासून लावण्याची आपली रीत जुनी आहे. परंतु सरळसोट वाढलेल्या एखाद्या उत्तम वृक्षाचे बी पेरले, तर त्याची संतती तशीच निपजेल असा भरवसा कोणी द्यावा? पराग कोठल्या झाडाचा आला, हे कीटकांनाच ठाऊक. शिवाय वृक्षाचे गुण पुरते कळावयास माणसाचे अर्धे आयुष्य जाते. आणि ते कळतात, तेव्हा कुऱ्हाड जवळ आलेली असते.

या कोड्याचे उत्तर ज्या कल्पनेत होते, ती ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ गॉटलीब हाबरलांट यांनी १९०२ साली मांडली. वनस्पतीची एकटी पेशी योग्य आहारावर ठेवली, तर तिच्यातून संपूर्ण वनस्पती उभी राहावी, असा त्यांचा तर्क. त्यांच्या पेशी काही आठवडे जगल्या, फुगल्याही. दुभंगली मात्र एकही नाही. तर्क खरा होता. वाढीची संप्रेरके तेव्हा कोणास ज्ञात नव्हती, एवढेच. पुढे १९५७ साली स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूवर दाखवून दिले की, ऑक्सिनचे प्रमाण अधिक असेल तर मुळे फुटतात, कायनेटिनचे अधिक असेल तर कोंब. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली सिद्ध केलेले क्षारांचे मिश्रण तर आजही जगभर वापरले जाते.

तंबाखू वश झाली. वृक्ष मात्र हट्टी. जून सागाचा कोंब कापताच काळपट रस पाझरतो आणि ऊती गुदमरते. म्हणूनच पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी शंभर वर्षांच्या सागापासून रोपे तयार केल्याचे १९८० साली प्रसिद्ध केले, त्याचे मोल मोठे. एरवी फुलावयास तपेच्या तपे घेणारा बांबूही १९९० साली तेथे काचपात्रातच फुलला!

हाबरलांट यांच्या तर्काचा संसार आता स्वयंपाकघरातही मांडता येतो. लिटरभर पाण्यात क्षार, तीस ग्रॅम साखर, चिमटीतही न मावणारी संप्रेरके आणि घट्टपणासाठी अगर, म्हणजे आपले चायना ग्रास. निर्जंतुक करावयास प्रेशर कुकर. साहित्य सोपे, शत्रू हवेत. बुरशीचा एक बीजाणू त्या गोड खिरीवर पडला, की थोड्याच दिवसांत बरणी पांढरी. हौशी माणसाने पहिल्यानेच सागाला हात घालू नये, असे मी म्हणेन. रोप साधले तरी ते दमट हवेतील लाडके लेकरू. पानांवर मेणाचा थर पुरता धरलेला नसतो. एकदम उन्हात ठेवले तर दुपारपर्यंत मान टाकते. काही आठवडे झाकण थोडेथोडे उघडीत त्याला बाहेरची हवा दाखवावी लागते.