बातमीचा सूर, हेतू आणि वाचक : १९०८ चा 'केसरी' खटला

एकाच पत्रकाराच्या अनेक बातम्या किंवा लेख वाचताना तीन प्रश्न विचारा : सूर कोणता? हेतू काय? वाचक कोण? हे प्रश्न केवळ परीक्षेपुरते नाहीत. १९०८ मध्ये त्यांच्या उत्तरांवर एका संपादकाच्या आयुष्याची सहा वर्षे अवलंबून होती.

३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला बॉम्बहल्ला झाला. त्यानंतर 'केसरी'त आलेल्या 'देशाचे दुर्दैव' (१२ मे) आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' (९ जून) या लेखांवरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. बॉम्बचे मूळ दडपशाहीत आहे, असा लेखांचा रोख होता. सरकारला त्यात चिथावणी दिसली. टिळकांच्या मते तो सरकारलाच दिलेला इशारा होता आणि अँग्लो-इंडियन पत्रांना दिलेले उत्तरही. लेख मराठी वाचकांसाठी होते, पण न्यायालयात त्यांचे इंग्रजी भाषांतर वाचले गेले. या भाषांतरात शब्दांचा अर्थ बिघडला, असा टिळकांचा आक्षेप होता. ज्युरीत ७ विरुद्ध २ असे मत पडले. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला नेण्यात आले.

प्रयोगशाळेत आपण एकाच नोंदीवर निष्कर्ष काढत नाही. इथेही तेच करा. आजच्या एखाद्या ऑनलाइन पत्रकाराच्या पाच बातम्या घ्या. प्रत्येकीतील विशेषणे अधोरेखित करा, ती कोणाला उद्देशून आहे व कशाला उत्तर आहे ते लिहा. मगच हेतूविषयी मत द्या.