निवेदने, शेरे आणि इतिवृत्ते : कामगार हक्कांचा दप्तरबंद इतिहास

विशेष प्रतिनिधी

केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू केल्या आणि १९२६ चा कामगार संघटना कायदा जवळपास शंभर वर्षांच्या सेवेनंतर इतिहासजमा झाला. कायदा गेला तरी तो का करावा लागला, कोणी मागितला आणि सरकारने तो देताना कोणते हातचे राखले, याची हकिगत मात्र शिल्लक आहे. ती कायद्याच्या पुस्तकात नाही. कामगार महासंघाने सरकारला धाडलेली निवेदने, त्यांवर अधिकाऱ्यांनी मारलेले शेरे आणि परिषदांची इतिवृत्ते यांत ती दडलेली आहे. देशातील पहिला कामगार महासंघ मुंबईत जन्माला आला असल्याने या कागदांचा मोठा भाग मुंबईशी निगडित आहे.

प्रतिनिधी कोणी निवडायचा?

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहान्वये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली. तिची पहिली परिषद १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे भरली. भारतीय कामगारांचा प्रतिनिधी म्हणून सरकारने नारायण मल्हार जोशी यांना पाठविले. नामदार गोखले यांच्या भारत सेवक समाजाचे सदस्य असलेले ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली होती. त्यांच्या निष्ठेविषयी कोणाला शंका नव्हती. प्रश्न तत्त्वाचा होता. तहाच्या कलमानुसार प्रतिनिधीची निवड सर्वाधिक प्रातिनिधिक संघटनेच्या संमतीने व्हावयास हवी होती आणि अशी देशव्यापी संघटनाच अस्तित्वात नव्हती.

ही उणीव ३१ ऑक्टोबर १९२० रोजी भरून निघाली. मुंबईत ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस अर्थात 'आयटक'चे पहिले अधिवेशन भरले. लाला लजपतराय अध्यक्ष, जोसेफ बॅप्टिस्टा उपाध्यक्ष आणि दिवाण चमनलाल सरचिटणीस झाले. 'कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा?' हा या व्यवहारातील पहिला प्रश्न पुढेही सुटला नाही. मे १९४७ मध्ये इंटक आणि १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघ स्थापन झाला. महासंघांच्या सदस्यसंख्येची सरकारी पडताळणी हा तेव्हापासून कायमचा वादविषय होऊन बसला.

एका मनाईहुकुमातून कायदा

मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांतील वादात मालकांनी उच्च न्यायालयात धाव घेतली आणि १९२० मध्ये मद्रास लेबर युनियनचे बी. पी. वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध मनाईहुकूम मिळविला. कामगारांना संपाचा सल्ला देणे म्हणजे त्यांना नोकरीचा करार मोडण्यास चिथावणे, असा त्याचा अर्थ होत होता. संघटना चालविणे हाच गुन्हा ठरण्याची वेळ आली.

ना. म. जोशी यांनी मार्च १९२१ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात संघटनांच्या नोंदणीसाठी व संरक्षणासाठी कायदा करण्याचा ठराव मांडला. त्याला फळ येण्यास पाच वर्षे लागली. प्रांतिक सरकारे, मालकांचे संघ आणि कामगार संघटना यांची मते मागविण्यात आली. या मतमतांतरांतून १९२६ चा कायदा घडला व १ जून १९२७ रोजी अमलात आला. त्याच्या सतराव्या आणि अठराव्या कलमांनी नोंदणीकृत संघटनांना फौजदारी कटाच्या व दिवाणी दाव्यांच्या धाकापासून संरक्षण दिले. हे संरक्षण नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. त्याचे मूळ मद्रासच्या मनाईहुकुमात आहे, हे जुनी फाईल उघडल्याखेरीज कळत नाही.

सरकारने एका हाताने दिले, तसे दुसऱ्या हाताने घेतलेही. मुंबईच्या गिरण्यांतील १९२८ चा संप सहा महिने चालला आणि सुमारे दीड लाख कामगार त्यात उतरले. त्यानंतर १९२९ मध्ये औद्योगिक तंटे कायदा आला. सार्वजनिक सेवांतील संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस त्याने सक्तीची केली आणि सहानुभूतीच्या संपांवर निर्बंध घातले. नव्या संहितेने चौदा दिवसांच्या नोटिशीची अट सर्वच औद्योगिक आस्थापनांना लागू केली आहे.

कोर्टात बोललेले, आयोगापुढे न बोललेले

याच वर्षी घडलेल्या दोन घटनांनी कागदांचे दोन प्रचंड संग्रह निर्माण केले. २० मार्च १९२९ रोजी डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, घाटे आदी पुढाऱ्यांना मीरत कटाच्या खटल्यात अटक झाली. पोलिसांनी संघटनांच्या कचेऱ्यांतून पत्रे, हिशेब, पत्रके, सभांची टिपणे जप्त केली आणि पुरावा म्हणून न्यायालयात दाखल केली. संघटनांकडे राहिली असती तर कदाचित वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडली असती अशी ही कागदपत्रे सरकारी पुराव्याच्या रूपाने टिकली. जानेवारी १९३३ पर्यंत चाललेल्या या खटल्यातील आरोपींची प्रदीर्घ निवेदने हीदेखील कामगार चळवळीचीच साधने आहेत.

दुसरी घटना म्हणजे व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनची नियुक्ती. जोशी आणि चमनलाल या आयोगाचे सदस्य होते. पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली १९२९ मध्ये नागपूरला झालेल्या आयटकच्या अधिवेशनाने मात्र आयोगावर बहिष्कार टाकला. जोशी, व्ही. व्ही. गिरी आदी नेमस्त मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी स्वतंत्र फेडरेशन काढले. आयोगाच्या साक्षींचा पहिला खंड मुंबई इलाख्याचा आहे. गिरणीतील भरती, जॉबरची दस्तुरी, कर्जबाजारीपणा, चाळीतील दाटी यांची माहिती त्यात विपुल आहे. परंतु बहिष्कार टाकणाऱ्यांचा आवाज या खंडांत नाही. तो मीरतच्या कागदांत शोधावा लागतो. एकच दप्तर वाचणाऱ्याच्या हाती अर्धाच इतिहास लागतो.

इतिवृत्ताला वजन किती?

सरकार, मालक आणि कामगार यांना एका मेजाशी बसविणारी पहिली त्रिपक्षीय परिषद ७ ऑगस्ट १९४२ रोजी दिल्लीत भरली. तत्कालीन मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. हीच पुढे भारतीय श्रम परिषद म्हणून ओळखली गेली. परिषदेतील चर्चेचे इतिवृत्त राखले जाऊ लागले आणि 'सरकार काय म्हणाले' याला लेखी आधार मिळाला.

या आधाराची खरी कसोटी १९५७ च्या पंधराव्या परिषदेनंतर लागली. गरजाधिष्ठित किमान वेतनाचे निकष तिने एकमताने ठरविले. कमावत्या व्यक्तीमागे उपभोगाची तीन एकके, प्रौढ व्यक्तीला २७०० उष्मांकांचा आहार, माणशी वर्षाला १८ वार कापड, औद्योगिक गृहनिर्माण योजनेनुसार किमान घरभाडे आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के, असे ते निकष होते. केंद्रीय कर्मचाऱ्यांनी दुसऱ्या वेतन आयोगापुढे त्यांवर बोट ठेवले, तेव्हा परिषदेच्या शिफारशी म्हणजे सरकारचे निर्णय नव्हेत, अशी भूमिका अर्थ मंत्रालयाने घेतली. आयोगाने निकष मान्य केले नाहीत. जुलै १९६० मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांचा संप झाला आणि सरकारने वटहुकूम काढून त्यावर बंदी घातली.

प्रकरण तेथेच मिटले असे वाटत असताना १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकॉस ब्रेट खटल्यात हेच निकष प्रमाण मानले. मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणसमारंभ, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्क्यांची भर न्यायालयाने घातली. ज्या नोंदीला मंत्रालयाने निर्णय मानण्यास नकार दिला होता, तीच चौतीस वर्षांनी न्यायनिर्णयाचा पाया ठरली. बैठकीत तोंडी बोलले गेलेले विरून जाते. लिहिले गेलेले एखाद्या पिढीनंतर का होईना, उपयोगी पडते.

परिषदेचे सेहेचाळिसावे अधिवेशन जुलै २०१५ मध्ये झाले. त्यानंतर ती नियमित भरविली जात नसल्याची तक्रार केंद्रीय कामगार संघटनांनी वारंवार केली. परिषद भरली नाही तर इतिवृत्तही होत नाही, हा या तक्रारीतील सहज न दिसणारा भाग होय.

कोठे काय आहे?

दिल्लीतील राष्ट्रीय अभिलेखागारात उद्योग व मजूर खात्याच्या फायली आहेत. त्यांपैकी अनेक 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर पाहता येतात. ना. म. जोशी यांचे खासगी कागद आणि आयटकची कागदपत्रे तीन मूर्ती भवनातील संग्रहालय व ग्रंथालयात आहेत. पूर्वी नेहरूंच्या नावे असलेली ही संस्था २०२३ पासून पंतप्रधान संग्रहालय व ग्रंथालय या नावाने ओळखली जाते. नॉयडाच्या व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेत श्रम-इतिहासकारांच्या सहकार्याने १९९८ मध्ये कामगार अभिलेखांचा डिजिटल संग्रह सुरू झाला. मुंबईत काळा घोडा येथील एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत महाराष्ट्र पुराभिलेखागार आहे. मुंबई सरकारच्या जुन्या खात्यांची दप्तरे तेथे आहेत.

हे कागद वाचताना सावधगिरी हवी. सरकारी फाईल कामगारांविषयी बोलते, कामगारांच्या तोंडून क्वचितच बोलते. महासंघाच्या निवेदनात मागणी ठळक असते, अंतर्गत मतभेद मात्र झाकलेले असतात. म्हणूनच एकाच तारखेचे निवेदन आणि त्यावरील शेरा शेजारी ठेवून वाचले, तरच व्यवहार उलगडतो.

केंद्र सरकारच्या दप्तरांना १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याचे संरक्षण आहे. संघटनांच्या कपाटांतील कागदांना असे कवच नाही. कचेरी बंद पडली, जागा रिकामी करावी लागली की गठ्ठे रद्दीत जाण्यास वेळ लागत नाही. घरांच्या योजनेत आपण गिरणीत कामाला होतो हे सिद्ध करण्यासाठी जुने तिकीट आणि हजेरीपट शोधावा लागलेल्या गिरणी कामगारांना कागदाची किंमत सांगावी लागत नाही. महासंघांनी आपली दप्तरे वेळीच अभिलेखागारांच्या स्वाधीन केली नाहीत, तर उद्याच्या वाचकासाठी या दीर्घ संवादातील सरकारचीच बाजू तेवढी शिल्लक राहील.