साथरोगांची गणितीय प्रतिमाने

साथरोगाचे गणितीय प्रतिमान म्हणजे एखाद्या वस्तीत संसर्ग कसा आणि किती वेगाने पसरेल, याची समीकरणांच्या साहाय्याने केलेली मांडणी होय. वृत्तपत्रांतून यासाठी ‘मॉडेल’ हा शब्द रूढ आहे. लस अपुरी असताना ती प्रथम कोणाला द्यावी, किती लोकांना टोचली असता साथ ओसरेल, उपचार लवकर सुरू केल्यास संसर्गाला किती आळा बसेल, अशा प्रश्नांचा निर्णय घेताना या प्रतिमानांचा आधार घेतला जातो. या शास्त्राच्या इतिहासात मुंबईला विशेष स्थान आहे. आजही पायाभूत मानले जाणारे १९२७ सालचे प्रतिमान मुंबई बेटावरील प्लेगच्या मृत्यूंच्या आकड्यांशी ताडून पाहिले गेले होते.

पूर्वपीठिका

स्विस गणितज्ञ डॅनिएल बर्नुली यांनी १७६० मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे देवीच्या रोगाविषयी एक निबंध वाचला. त्या काळी देवीच्या फोडांतील द्रव निरोगी माणसाला टोचून मुद्दाम सौम्य लागण करून घेण्याची पद्धत होती. तिच्यामुळे काहींचा मृत्यूही होई. हा धोका जमेस धरूनही सर्वांना टोचल्यास सरासरी आयुर्मान सुमारे तीन वर्षांनी वाढेल, असे बर्नुली यांनी गणिताने दाखवले. त्यावर दालाँबेर यांनी आक्षेप घेतला. टोचून घेणाऱ्याच्या दृष्टीने आजचा मृत्यूचा धोका आणि पुढे कधीतरी मिळणारी वाढीव वर्षे ही सारख्या मोलाची नसतात, हा त्यांचा मुद्दा होता. समाजाचा सरासरी लाभ आणि एका व्यक्तीचा धोका यांतील हा पेच लसीकरणाच्या चर्चेत आजही कायम आहे.

पुढे रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाला गणित लावले. हिवतापाचा प्रसार डासांमार्फत होतो याचा पुरावा त्यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे मिळवला होता. हिवताप हटवण्यासाठी शेवटचा डास मारण्याची गरज नाही; डासांची संख्या एका ठरावीक मर्यादेखाली आणली की रोग आपोआप ओसरतो, असे त्यांनी समीकरणांच्या आधारे प्रतिपादन केले. ‘उंबरठा’ ही या शास्त्रातील मध्यवर्ती कल्पना येथून पुढे आली.

मुंबईतील प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. साथीवर लस शोधण्यासाठी वाल्डेमार हाफकिन यांना मुंबईस बोलावण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती टोचण्यात आली. टोचलेल्या व न टोचलेल्या कैद्यांची तुलना करून तिचा गुण तपासण्यात आला. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळ येथे गेली; तीच आजची हाफकिन संस्था होय.

प्लेग त्यानंतरही वर्षानुवर्षे उन्हाळ्याच्या तोंडाशी मुंबईत परतत राहिला. यांपैकी १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातील साप्ताहिक मृत्यूंचे आकडे विल्यम कर्मॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांनी १९२७ च्या आपल्या निबंधात वापरले. मॅकेंड्रिक हे भारतीय वैद्यकीय सेवेतील डॉक्टर होते व कसौली येथील पाश्चर संस्थेत त्यांनी काम केले होते. कर्मॅक हे रसायनशास्त्रज्ञ होते. प्रयोगशाळेतील अपघातात १९२४ मध्ये त्यांची दृष्टी गेली होती. प्लेगच्या रुग्णांपैकी किमान ८० ते ९० टक्के दगावत असल्यामुळे मृत्यूंचे आकडे हेच साथीचे माप धरण्यात आले. त्यांच्या सूत्रातून निघालेला घंटेच्या आकाराचा वक्र १७ व्या आठवड्यात आठवड्याला ८९० मृत्यू एवढ्या शिखरावर पोहोचतो आणि मग उतरतो. प्रत्यक्ष आकडे या वक्राशी चांगले जुळले.

प्रतिमानाची रचना

कर्मॅक–मॅकेंड्रिक प्रतिमानात लोकसंख्येचे तीन गट केले जातात: ज्यांना लागण होऊ शकते ते संसर्गप्रवण, ज्यांना लागण झाली आहे व जे ती इतरांना देऊ शकतात ते संसर्गित, आणि बरे होऊन किंवा मृत्यू पावून साखळीबाहेर गेलेले. पहिल्या गटातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात माणसे कोणत्या वेगाने जातात, हे समीकरणे सांगतात.

सर्वजण संसर्गप्रवण असताना एक रुग्ण सरासरी जितक्या नव्या माणसांना लागण देतो, त्या संख्येला मूलभूत पुनरुत्पादनांक म्हणतात. तो तीन गोष्टींवर ठरतो: रुग्णाचा किती लोकांशी संपर्क येतो, एका संपर्कात लागण होण्याची शक्यता किती, आणि रुग्ण किती दिवस संसर्ग देत राहतो. हा अंक एकाहून अधिक असेल तर साथ वाढते, कमी असेल तर विझते.

लसीकरणाचा उंबरठा

समजा, १,००० वस्तीच्या एका गावात पुनरुत्पादनांक २ आहे. गावातील ५०० जणांना आधीच प्रतिकारशक्ती असेल, तर रुग्णाच्या दोन संपर्कांपैकी एक वाया जातो व साथ पेट घेत नाही. पुनरुत्पादनांक ४ असल्यास हा उंबरठा ७५ टक्क्यांवर जातो. गोवरासारख्या अतिसंसर्गजन्य रोगात तो अंक १२ ते १८ मानला जात असल्याने ९२ ते ९४ टक्के लोक सुरक्षित असावे लागतात. लस शंभर टक्के गुणकारी नसेल तर आणखी अधिक लोकांना टोचावे लागते. उदाहरणार्थ, उंबरठा ७५ टक्के आणि लसीचा गुण ८० टक्के असल्यास सुमारे ९४ टक्के लोकांना लस द्यावी लागेल.

‘साथ पसरू दिली तरी उंबरठा गाठला की ती थांबेलच’ हा समज मात्र चुकीचा आहे. वरील गावात कोणतीही उपाययोजना न केल्यास साथ ५०० वर थांबत नाही. उंबरठा ओलांडताना अनेकजण एकाच वेळी आजारी असतात आणि त्यांच्याकडून लागण होतच राहते. अखेरीस सुमारे ८०० जण आजारी पडतात. लस आधी देणे आणि साथ अंगावर घेणे यांतील हा फरक गणितामुळे स्पष्ट होतो.

उपचारांचे नियोजन

औषधाने रुग्ण बरा होतो, तसाच त्याचा संसर्ग देण्याचा काळही घटतो. त्यामुळे क्षयरोगासारख्या आजारात निदानाला लागणारा प्रत्येक आठवडा पुनरुत्पादनांकावर परिणाम करतो. एचआयव्हीच्या बाबतीत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रतिमानाने असे दाखवले की, सर्व प्रौढांची दरवर्षी तपासणी करून बाधितांना लगेच औषधे दिल्यास नव्या लागणींत मोठी घट होईल. पुढे रुग्णांवरील चाचण्यांतूनही लवकर उपचारांचे फायदे सिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सर्व बाधितांवर त्वरित उपचारांची शिफारस केली आणि भारताने २०१७ मध्ये हे धोरण स्वीकारले.

कोविड-१९ आणि महाराष्ट्र

जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत प्रतिपिंडांची तपासणी झाली. तीत झोपडपट्ट्यांतील ५७ टक्के, तर इतर वस्तीतील १६ टक्के लोकांना लागण होऊन गेल्याचे आढळले. एकाच शहरातील संपर्कांत एवढी तफावत असल्यामुळे सर्वांना एका मापाने मोजणारे प्रतिमान अपुरे ठरते. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्या संशोधकांनी म्हणून घर, शाळा, कचेरी आणि लोकलचा प्रवास वेगवेगळा धरणारी संगणकीय प्रतिमाने तयार केली.

लसीच्या प्राधान्यक्रमाबाबत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या व अन्य संशोधकांनी २०२१ मध्ये वयोगटांनुसार प्रतिमान मांडले. लस पुरेशी नसल्यास आरोग्य व अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांनंतर प्रथम ६० वर्षांवरील सर्वांना आणि मग सहव्याधी असलेल्यांना ती द्यावी, असा त्यांचा निष्कर्ष होता. विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात, जेथे संसर्गाचा वेग कमी असतो, तेथे मात्र कर्मचाऱ्यांनंतर सहव्याधी असलेल्यांना आधी लस देणे श्रेयस्कर ठरेल, असेही त्यांनी नमूद केले. प्रत्यक्षात लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरू झाले. १ मार्चपासून ६० वर्षांवरील आणि ४५ वर्षांवरील सहव्याधी असलेले नागरिक त्यात आले.

साथीचा अंदाज बांधण्यासाठी केलेले ‘सूत्र’ हे प्रतिमान मणिंद्र अगरवाल, एम. विद्यासागर आणि लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर यांचे होते. कानिटकर २०२१ मध्ये नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये शासनाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने, खबरदारी पाळल्यास फेब्रुवारी २०२१ अखेर साथ आटोक्यात येईल, असे म्हटले होते. प्रत्यक्षात मार्च अखेरीस देशातील सर्वाधिक उपचाराधीन रुग्णांच्या दहा जिल्ह्यांत पुणे, मुंबई, नागपूर, ठाणे यांच्यासह नाशिकही होते. मे महिन्याच्या सुरुवातीस देशातील दैनंदिन रुग्णसंख्या चार लाखांवर गेली. दुसऱ्या लाटेचे नेमके स्वरूप वर्तवता आले नाही, हे तिघांनी संयुक्त निवेदनात मान्य केले. विषाणूचा नवा प्रकार आला की प्रतिमानातील जुने स्थिरांक स्थिर राहत नाहीत.

मर्यादा

मुंबईच्या प्लेगचे उदाहरण येथेही बोधप्रद आहे. १९२७ च्या समीकरणांत उंदीर आणि पिसवा यांना स्थान नव्हते. माणसांतील प्लेग हे उंदरांतील प्लेगचे प्रतिबिंब आहे आणि ऋतूनुसार दर बदलतात, हे खुद्द कर्मॅक व मॅकेंड्रिक यांनी निबंधात सांगितले होते. फ्रेंच गणितज्ञ निकोला बकाएर यांनी २०१२ मध्ये दाखवले की, वक्र जुळत असला तरी त्यातून निघणारे स्थिरांक वास्तवाशी जुळत नाहीत. त्या साथीच्या आकलनासाठी उंदीर, पिसवा आणि ऋतुमान यांचा विचार आवश्यक आहे. वक्र आकड्यांशी जुळला म्हणजे कारण सापडले, असे होत नाही. मुंबईचा तो सुबक वक्र हाती धरून कोणी केवळ माणसांना माणसांपासून दूर ठेवले असते, तर घरातील उंदीर तसेच राहिले असते.

याच कारणास्तव धोरण ठरवताना एका प्रतिमानावर विसंबणे टाळले जाते. अनेक प्रतिमानांची तुलना करणे, प्रत्येकाची गृहीतके उघड मांडणे, अंदाज एका आकड्याऐवजी किमान–कमाल मर्यादेत देणे आणि नवी माहिती येताच तो सुधारणे, ही पद्धत अवलंबली जाते. रुग्णनोंद व मृत्युनोंद अपुरी असेल तर उत्तम समीकरणही चुकीचे उत्तर देते. दर बारा वर्षांनी सिंहस्थाला लाखोंची गर्दी होणाऱ्या नाशिक–त्र्यंबकेश्वरसारख्या ठिकाणी तर संपर्कांचे प्रमाण काही दिवसांतच पालटते. तेथे इतर काळातील सरासरी उपयोगी पडत नाही. लस प्रथम कोणाला मिळावी हा प्रश्न न्यायाचाही आहे. त्या निर्णयाचे परिणाम गणित दाखवू शकते. निर्णय मात्र समाजाला व शासनाला घ्यावा लागतो.