वरसईच्या भटजींचें घरीं परतणें

वऱ्हाडांतील साखरखेर्डा हें गांव इतिहासाच्या पुस्तकांत एका लढाईपुरतें येतें. १७२४ च्या ऑक्टोबरांत निजामुल्मुल्कानें तेथें मुबारिजखानाचा मोड केला. खान रणांत पडला, गांवास फत्तेखेर्डा असें नवें नांव मिळालें, आणि दक्षिणेंत निजामाच्या घराण्याचें राज्य पक्कें झालें. परंतु अशा रणांतून जे जिवंत निघाले ते आपापल्या घरीं कसे पोंचले, हें सांगण्याचे श्रम बखरकार सहसा घेत नाहींत.

ग्रीकांनीं मात्र ते घेतले. होमराच्या नांवावर दोन महाकाव्यें आहेत. ‘इलियड’मध्यें ट्रॉयचें युद्ध आहे, ‘ओडिसी’मध्यें तें संपलें आहे, आणि इथाकेचा राजा ओडिसियस घरची वाट शोधीत दहा वर्षें भटकतो आहे. त्यांतील एकाक्ष राक्षसासारखे नामांकित प्रसंग कवि स्वतः सांगत नाहीं. परक्या राजाच्या दरबारीं, भोजनोत्तर, ओडिसियसच ते सांगतो. हें प्रवासवर्णन प्रवाशाच्याच तोंडचें आहे! ती वाट ताडून पाहण्यासाठीं टिम सेव्हरिन नांवाचा प्रवासी १९८५ सालीं जुन्या घडणीचें वल्ह्यांचें गलबत घेऊन निघाला, व पुढें त्यानें त्या सफरीचें पुस्तक केलें.

मराठींत या जातीची कथा हवी असेल तर राजाकडे जाण्याचें कारण नाहीं. पेणजवळील वरसईचे विष्णुभट गोडसे हे कर्जानें गांजलेले भिक्षुक. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार व दक्षिणा भरपूर मिळणार, असें ऐकून ते १८५७ सालीं काका रामभटजींसह उत्तरेस निघाले, आणि ऐन बंडांत सांपडले. १८५८ च्या एप्रिलांत इंग्रजांनीं झांशी घेतली तेव्हां ते शहरांतच होते. कत्तल व जाळपोळ त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली. मिळविलेलें द्रव्य लुटलें गेलें, पुन्हां मिळविलें, पुन्हां गेलें. कर्ज फेडावयास निघालेल्या या गृहस्थानें अखेर घरीं आणलें काय, तर खांद्यावरच्या कावडींतून गंगेचें पाणी. आणि त्या पाण्यानें आईबापांस स्नान घातलें.

ओडिसियसला हें भाग्य नव्हतें. त्याची आई पुत्राच्या वाटेकडे डोळे लावून आधींच गेली होती. मृतांच्या लोकीं ती दिसली तेव्हां त्यानें तीनदां मिठी मारावयास हात पुढें केले, आणि तीनदां ती छायेसारखी निसटली.

भटजींनीं हा वृत्तांत सुमारें पंचवीस वर्षांनीं, १८८३ सालीं, चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून लिहिला. वैद्यांनीं तो ‘माझा प्रवास’ या नांवानें १९०७ सालीं छापला. भटजी तेव्हां हयात नव्हते. छापतांना वैद्यांनीं भाषा घासूनपुसून घेतली व मजकुरांतही फेरफार केले. त्यांचा हेतु वाईट नव्हता. विद्वानास भिक्षुकाची बोली ओबडधोबड वाटावी हें स्वाभाविक आहे, आणि परक्या सरकारच्या अमलांत बंडाविषयीं छापतांना हात आंखडणेंही समजण्यासारखें आहे. तथापि ज्यानें स्वतः पायीं वाट तुडविली त्याच्या वाक्यांची घडीच मोडली, तर वाचकाच्या हातीं भटजींचा प्रवास येतो कीं वैद्यांचा, हा प्रश्न उरतोच. आणि सत्तावन्नचा इतिहास लिहिणारे कित्येक वर्षें हीच प्रत पुढें ठेवीत होते.

दत्तो वामन पोतदार यांनीं मूळ हस्तलिखितावरून ‘माझा प्रवास’ १९६६ सालीं छापला. लिहिल्यापासून ८३ वर्षांनीं भटजींची स्वतःची भाषा वाचकांपर्यंत पोंचली.